पान्याला पान्याची जोड

मुंबई हे यंत्रांचे नगर आहे. ताडदेवला 1854 साली या शहरातील पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढे परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांच्या चिमण्या उंच उभ्या राहिल्या. परळला रेल्वेच्या मोठ्या कार्यशाळा आल्या. यंत्रे आली तसे ती दुरुस्त करणारे कुशल हातही तयार झाले. पुढे गिरण्या बंद पडल्या. परंतु हातांतील कौशल्य लगेच नाहीसे झाले नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील गल्ल्यांतून फिरताना आजही एखाद्या लहानशा गॅरेजमध्ये मोटारीचे बोनेट उघडून आत वाकलेला मिस्त्री आपल्याला दिसतो. त्याच्या पायाशी पान्यांचा ढीग असतो. त्या ढिगातील एक पाना तो उचलतो, त्याला दुसरे काही जोडतो, हात आत घालतो आणि जो बोल्ट आपल्याला दिसतही नाही, तो सैल करून बाहेर काढतो. हे त्याला कसे साधते, ते या पाठात पाहू.

मुंबईच्या मिस्त्रींनी ही कला ज्या मोटारीवर सर्वांत अधिक घोटली, ती म्हणजे काळ्या-पिवळ्या रंगाची जुनी टॅक्सी. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रथम डॉज, प्लिमथ या अमेरिकन मोटारींची जुळणी होत असे. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाट 1100 ही मोटार येथे तयार होऊ लागली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. म्हणजे कित्येक टॅक्सी वीस वीस वर्षे, पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात, दिवसरात्र धावत होत्या. अशा मोटारीचे बोल्ट सहजासहजी निघत नसत, यात नवल ते काय?

बोल्ट हट्टी का होतो?

बोल्टाच्या अंगावर जे आटे असतात, ते म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक उतारच होय. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याच्या तिरक्या कडेकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट लगेच ध्यानात येईल. नट फिरवला की तो या उतारावरून वर चढतो आणि दोन भागांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. बोल्ट आवळताना आपण जेवढा जोर लावतो, त्यातील साधारणपणे दहापैकी नऊ भाग घर्षणातच खर्च होतात. हे घर्षण वाया जात नाही. तेच नटाला जागच्या जागी धरून ठेवते. नाहीतर मोटारीच्या हादऱ्यांनी सारे नट रस्त्यातच गळून पडले असते.

परंतु काळ जातो, तसे या घर्षणात गंजाची भर पडते. लोखंडाला हवा आणि ओलावा मिळाला की गंज चढतो आणि समुद्राच्या हवेतील मीठ त्याला साहाय्य करते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. आट्यांमध्ये मुळात केसाएवढीच फट. तिच्यात गंज फुगला की नट आणि बोल्ट जणू एकजीव होतात. इंजिनातील जळालेला धूर वाहून नेणाऱ्या नळाजवळचे नट तर रोज तापतात आणि रोज निवतात. सर्वांत अधिक हट्टी तेच असतात.

जोर आणि लांबी

घट्ट बसलेला बोल्ट फिरवायला दोन गोष्टी उपयोगी पडतात : हाताचा जोर आणि पान्याची लांबी. दाराची कडी बिजागरीपासून दूर का बसवतात, याचा विचार करा. बिजागरीजवळ ढकलले तर दार जड लागते. दूरच्या कडेला ढकलले तर ते बोटानेही उघडते. पान्याचेही तसेच आहे. समजा, पाना 20 सेंटिमीटर लांब आहे आणि मिस्त्री त्याच्या टोकाला 25 किलोग्रॅमचा भार देतो आहे. या दोहोंचा गुणाकार 500 होतो. पान्याची लांबी 40 सेंटिमीटर केली, तर हाताचा जोर तेवढाच असूनही बोल्टावरील परिणाम 1000, म्हणजे दुप्पट होतो.

लांब पाना जवळ नसेल तर काय करावे? मिस्त्री पान्यालाच पाना जोडतो. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेला पाना तो घेतो आणि त्याची रिंग बोल्टावर बसवतो. मग दुसऱ्या, मोठ्या पान्याची रिंग तो पहिल्या पान्याच्या उघड्या तोंडाच्या एका जबड्यात अडकवतो. दोन पान्यांचा मिळून एक लांब पाना होतो. जागा मोकळी असेल तर पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइपाचा तुकडा चढवूनही हेच काम साधते.

पण या युक्तीला मर्यादा आहे. 8 मिलिमीटर जाडीचा चांगल्या पोलादाचा बोल्ट आवळायला वरच्या हिशेबाने सुमारे 250 एवढा परिणाम पुरतो. त्याच बोल्टाला लांब पान्याने 1000 चा पीळ दिला, तर तो सुटण्याऐवजी तुटण्याचाच संभव अधिक. डोके तुटून हातात आले आणि दांडा आतच राहिला, म्हणजे पाच मिनिटांच्या कामाला सारा दिवस लागतो. आत राहिलेला तुकडा भोक पाडून काढावा लागतो. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर चालकाची त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून जाणता मिस्त्री लांबी वाढवतो, ती ओढणे सोपे व्हावे म्हणून. बोल्टावर राग काढावा म्हणून नव्हे.

योग्य तोंडाचा पाना

जोराइतकेच महत्त्व पान्याच्या तोंडाच्या मापाला आहे. मुंबईत अनेक देशांच्या मोटारी आल्या आणि प्रत्येकीने आपापली मापे आणली. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने 1841 साली आट्यांची ठराविक मापे सुचवली. जुन्या इंग्लिश यंत्रांचे बोल्ट त्या मापांचे असत. अमेरिकन मोटारींची मापे वेगळ्या पद्धतीने इंचात, तर इटालियन फियाटची मिलिमीटरमध्ये. गंमत अशी की, व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा तोंडाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. त्यामुळे पाव इंच असे लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहूनही थोडे रुंद असते!

अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. अशा बोल्टाला 13 मिलिमीटरचा पाना लावला, तर तो बसल्यासारखा वाटतो, पण 0.3 मिलिमीटरची फट राहते. जोर लावताच पाना घसरतो, बोल्टाचे सहा कोपरे झिजून गोल होतात आणि मग योग्य मापाचा पानाही त्याला पकडू शकत नाही. म्हणून पाना लावण्यापूर्वी मिस्त्री बोल्टाचे डोके तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ करतो आणि पाना हलवून फट किती आहे ते पाहतो.

वळायला जागा कोठे आहे?

आता खरी अडचण पुढे येते. बोल्टापर्यंत पाना पोहोचला तरी तो वळायला जागा हवी. बोल्टाच्या डोक्याला सहा बाजू असतात. म्हणजे उघड्या तोंडाचा पाना काढून पुन्हा लावायचा, तर मधे 60 अंश फिरवावे लागते. आसपास नळ्या आणि तारा असताना एवढी जागा कोठून मिळणार? यावर पाना घडवणाऱ्यांनीच एक तोड काढून ठेवली आहे. उघड्या तोंडाचा पाना नीट पाहा. त्याचे तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसून 15 अंशांनी कललेले असते. एकदा फिरवल्यावर पाना उलटा करून लावला, की 30 अंशांच्या हालचालीतही काम भागते. आतून बारा कोपरे असलेल्या रिंग पान्यालाही 30 अंश पुरतात. रॅचेट नावाच्या दांड्यात दातेरी चाक असते. त्या चाकाला 36 दाते असतील, तर केवळ 10 अंशांच्या हालचालीने बोल्ट पुढे सरकतो.

रॅचेटच्या टोकाला जी लहान पोकळ वाटी बसवतात, तिला गॅरेजमध्ये ‘गोटी’ म्हणतात. गोटी आणि रॅचेट यांच्यामध्ये लांब दांडा घालता येतो. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. दांडा घातल्याने जोर वाढत नाही. हात मात्र लांबवर पोहोचतो. वाट सरळ नसेल तर मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे सर्व दिशांना वाकणारा सांधा बसवतात. पद्मिनीसारख्या मोटारीत इंजिन पुढे असते आणि मागची चाके फिरतात. इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या लांब दांड्यालाही असेच सांधे असतात. मोटार खड्ड्यातून गेली, चाके वरखाली झाली, तरी फिरणे खंडित होत नाही ते या सांध्यांमुळेच.

घंटेवरचा बोल्ट

या साऱ्या साधनांची कसोटी कोठे लागत असे, ते एका उदाहरणावरून पाहू. मुंबईच्या गर्दीत टॅक्सीचालकाला चौकाचौकात थांबावे लागे. प्रत्येक वेळी क्लच दाबायचा आणि सोडायचा. त्यामुळे क्लचची तबकडी झिजे आणि ती बदलावी लागे. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, घंटेच्या आकाराच्या आवरणात दडलेला असतो. ते आवरण इंजिनाला बोल्टांनी जखडलेले असते. खालचे बोल्ट मोटारीच्या खाली झोपून काढता येतात. वरचे बोल्ट मात्र इंजिनाची पाठ आणि गाडीचा पत्रा यांच्या चिंचोळ्या फटीत असतात. वरून हात पोहोचतो, पण पाना वळत नाही. खालून पाना वळेल, पण हात पोहोचत नाही.

मिस्त्री अशा वेळी समोरून वाट काढण्याचा हट्ट सोडतो आणि मागून येतो. गिअरबॉक्सच्या खाली भक्कम आधार देऊन तो त्याचे मागचे टोक थोडेसे खाली उतरवतो. त्यामुळे वरची फट काहीशी रुंद होते. मग तो दोन-तीन एक्स्टेन्शन एकापुढे एक जोडतो, त्यांच्या टोकाला सांधा आणि सांध्याला गोटी बसवतो. सांधा लोंबकळू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे देतो. असा लांबच लांब दांडा गिअरबॉक्सच्या वरून पुढे सरकतो. रॅचेटची मूठ मात्र मागे, मोकळ्या जागेत असते.

हे काम एकट्याचे नसते. उमेदवार बोनेटमधून हात घालून गोटी बोल्टाच्या डोक्यावर बसवतो आणि मिस्त्री खालून रॅचेट धरतो.

“बसली का रे गोटी?” मिस्त्री विचारतात.

“बसली, मिस्त्री. पण थोडी तिरकी वाटते.”

“मग फिरवायचं नाही. तिरकी गोटी कोपरे खाते. बोटांनी चाचपून बघ. चारी बाजूंनी सारखी लागली पाहिजे.”

“आता बरोबर बसली. तुम्ही सावकाश ओढा.”

“हात काढून घे आधी. मगच ओढतो.”

या संवादात विद्येचे मर्म आहे. बोल्ट डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा बोटांनी पाहावे लागते. सांधा फार वाकला तर जोर सरळ पोहोचत नाही. हिसके बसतात आणि गोटी निसटते. म्हणून वाट शक्य तितकी सरळ ठेवायची आणि वाकडेपणा लागेल तेवढाच घ्यायचा.

मन वळवावे तसा बोल्ट वळवावा

एवढे करूनही बोल्ट हलला नाही तर? अशा वेळी मिस्त्री जोर वाढवत नाही, वेळ वाढवतो. तो आट्यांवर रॉकेलाचे किंवा पातळ तेलाचे थेंब सोडतो आणि शक्य असल्यास रात्रभर तसेच राहू देतो. दिव्याच्या वातीतून तेल जसे आपोआप वर चढते, तसेच ते केसाएवढ्या फटीतून आत शिरते. मग तो हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके देतो. त्या हादऱ्यांनी गंजाची पकड तुटते आणि तेलाला वाट मिळते. यानंतर तो बोल्ट सोडवण्यापूर्वी उलट किंचित आवळून पाहतो! बोल्ट केसभर जरी हलला, तरी गंजाचा थर भंगतो. पुढे थोडे सोडवायचे, थोडे आवळायचे, पुन्हा थोडे सोडवायचे, असे करत करत तो बाहेर येतो.

शेवटचा उपाय उष्णतेचा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवतात. तापली की ती प्रसरण पावते आणि चाकावर सहज बसते. त्याच न्यायाने बोल्टाभोवतीचा नट तापवला की त्याचे भोक मोठे होते. 10 मिलिमीटरचे पोलादी भोक 200 अंशांनी तापवले, तर ते सुमारे 0.024 मिलिमीटरने वाढते. हा आकडा लहान वाटेल. पण गंजाची पकड ढिली करायला तेवढा पुरतो. मात्र मोटारीत पेट्रोल असते आणि रॉकेलही पेट घेते. म्हणून हा उपाय अनुभवी माणसानेच, पेट्रोलची टाकी व नळी यांच्यापासून दूर आणि तेल पुसून काढल्यावरच करायचा असतो.

सावधपणाचे नियम

गॅरेजमध्ये काही नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. बॅटरीजवळ काम असेल तर आधी बॅटरीची तार सोडवावी. नाहीतर लोखंडी पाना तारेला आणि पत्र्याला एकाच वेळी टेकला, तर तो क्षणात लाल होतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही जाऊ नये. भक्कम आधार आधी लावावा. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलणे भागच असेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावा, म्हणजे पाना सुटला तरी बोटांची हाडे पत्र्यावर आपटत नाहीत.

आणखी एक नियम आहे : बोल्ट कोणत्या बाजूला फिरतो, याची आधी खात्री करावी. बहुतेक बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतात. पण कुर्ल्याला ज्यांची जुळणी होत असे, त्या जुन्या डॉज आणि प्लिमथ मोटारींच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. चाक फिरताना ते सैल होऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. ज्याला हे माहीत नाही, तो सोडवण्याच्या समजुतीने ते अधिकच आवळत राहतो आणि अखेर बोल्ट तोडून बसतो.

घरची हत्यारे

प्रत्येक कामासाठी वेगळे हत्यार विकत घेणे लहान गॅरेजला परवडत नाही. म्हणून मिस्त्री हत्यारे घडवतो. जुना पाना तापवून त्याची मान वाकवली, की तो आडवळणी जागेत शिरतो. दांडा कापून आखूड केला, की तो चिंचोळ्या फटीत मावतो. नट परत बसवताना तो खाली पडू नये म्हणून गोटीत कागदाचा कपटा किंवा ग्रीसचा ठिपका ठेवतात. नट तेथे चिकटून राहतो. दिसत नसलेल्या जागेसाठी लहान आरसा आणि विजेरी उपयोगी पडते. नवी हत्यारे नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळतात आणि जुनी चोरबाजारात. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसच्या परिसरातील दुकाने प्रसिद्ध आहेत. चोरबाजारात घेतलेला एखादा जुना पाना वाकवून, कापून असा काही रूप पालटतो, की त्याचा उपयोग काय, हे केवळ त्याच्या धन्यालाच ठाऊक असते.

पद्मिनी टॅक्सी आता रस्त्यावर धावत नाहीत. काही हौशी लोकांनी जुन्या मोटारी जपून ठेवल्या आहेत. त्या चालू ठेवायच्या तर हे ज्ञान जाणणारे हातही टिकले पाहिजेत, कारण यातील बरेचसे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते मिस्त्रीकडून उमेदवाराकडे, हाताकडून हाताकडे जाते. त्या साखळीतील एक कडी तुटली, तर पुढच्याला सारे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागेल.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे आपण म्हणतो. पण मिस्त्रीची युक्ती म्हणजे नुसती चलाखी नव्हे. तिच्यात मापाची अचूकता आहे, तरफेचा नियम आहे, उष्णतेचे शास्त्र आहे आणि या सर्वांहून मोठी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे धीर. पुढच्या वेळी घरातील एखादा गंजलेला नट सुटत नसेल, तेव्हा आधी पक्कड उचलू नका. तो का अडला आहे, हे पाहा. तेलाचे दोन थेंब सोडा आणि त्याला एक रात्र द्या.

स्वाध्याय

1. खाऱ्या हवेत बोल्ट अधिक घट्ट का होतात?
2. 15 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर 20 किलोग्रॅमचा भार दिला. पान्याची लांबी 45 सेंटिमीटर केली, तर तोच परिणाम साधायला किती भार पुरेल?
3. ‘मिस्त्री जोर वाढवत नाही, वेळ वाढवतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. उघड्या तोंडाच्या पान्याचे तोंड कललेले का असते?
5. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याने स्वतः घडवलेल्या हत्याराविषयी दहा ओळी लिहा.